नाव एकाचं, साचा दुसऱ्याचा: कार्बन रोड फ्रेम कुठल्या कारखान्यातली हे कसं शोधायचं

प्रश्न बेळगावातल्या एका सायकलस्वाराचा आहे, थोडक्यात असा: "८५ हजारांत कार्बन रोड फ्रेम आणि फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचा चिमटा, मिळतोय. विकणारा म्हणतो, अमुक नामांकित कंपनीच्याच कारखान्यात बनतो, फक्त वरचं स्टिकर वेगळं. हे खरं की खोटं कसं ओळखायचं? कारखाना शोधता येतो का? चोर्ला घाट उतरायचा असतो, म्हणून जिवाची धास्ती वाटते."

कारखाना बऱ्याच वेळा शोधता येतो. पण विकणाऱ्याचं वाक्य अगदी खरं निघालं तरी त्यातून फ्रेम चांगली आहे असं सिद्ध होत नाही. हे समजायला बेळगावकराला तैवानला जायची गरज नाही, उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत एक चक्कर पुरे. एकाच फाउंड्रीच्या दारातून सकाळी एका कंपनीचं कास्टिंग निघतं, दुपारी दुसऱ्याचं. पॅटर्न गिऱ्हाइकाचं, ग्रेड गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवर, तपासणी गिऱ्हाईक पैसे मोजेल तेवढी. एक एसजी आयर्न, म्हणजे चिवट जातीचं बीड, दुसरं साधं ठिसूळ ग्रे. दोन्ही 'त्याच फाउंड्रीतली', हे शंभर टक्के खरं. म्हणून ग्रेचं कास्टिंग एसजीच्या जागी बसवाल का? कार्बन फ्रेमचंही नेमकं हेच आहे. 'कारखाना कुठला' या प्रश्नाचे खरे प्रश्न तीन: साचा कोणाच्या मालकीचा, आतले थर कोणी ठरवले, आणि फ्रेम मोडली तर भरून कोण देणार.

या धंद्यात तीन तऱ्हेचे व्यवहार चालतात. पहिल्यात ब्रँड आणि कारखाना एकच. तैवानच्या ताइचुंगमधली जायंट (स्थापना १९७२) कार्बनचा धागा विकत घेऊन त्याचं प्रीप्रेग, म्हणजे रेझिन भिजवलेलं कार्बनचं पान, स्वतःच बनवते आणि त्यातून फ्रेम घडवते. दुसऱ्यात ब्रँड आराखडा देतो, साच्याचे पैसे भरतो, कोणतं पान कुठे कोणत्या कोनात बसवायचं ते ठरवून देतो आणि काम बाहेरच्या कारखान्याकडून करून घेतो. त्या साच्यातून दुसऱ्याला माल द्यायचा नाही, असा करार असतो. बहुतेक मोठी युरोपी आणि अमेरिकी नावं या गटात येतात. तिसरा प्रकार ओपन मोल्डचा. इथे कारखान्याने किंवा एखाद्या व्यापाऱ्याने स्वतःच साचा केलेला असतो आणि जो पैसे देईल त्याला त्याच्या स्टिकरसकट फ्रेम मिळते. हाँगफू, डेंगफू, शियामेनची लाइटकार्बन ही यातली जुनी नावं. 'स्टिकर वेगळं, फ्रेम तीच' हे वाक्य या तिसऱ्या प्रकाराला लागू पडतं. विकणारा मात्र ते दुसऱ्या प्रकाराचं म्हणून खपवतो, गफलत तिथे होते.

आता 'तोच साचा' असूनही फ्रेम वेगळी कशी होते, ते बघू. रोड फ्रेमचा पुढचा त्रिकोण साधारणपणे पोलादी साच्यात बनतो. कापलेली प्रीप्रेगची पानं, एका फ्रेमला काही शे तुकडे, हाताने गुंडाळून साच्यात बसवतात. आत लॅटेक्स किंवा नायलॉनचा फुगा असतो, त्याला हवेचा दाब देतात आणि साचा गरम प्रेसमध्ये घालतात. रेझिनच्या जातीप्रमाणे तापमान साधारण १२० ते १५० अंश सेल्सिअस, वेळ अर्धा ते एक तास. मग मागचे स्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या बारीक नळ्या) चिकटवायचे, घासायचं, पुटी भरायची, रंगवायचं. साचा ठरवतो तो बाहेरचा आकार. आत किती थर, कोणत्या कोनात, बीबीभोवती (पेडलचा आस बसतो ती जागा) आणि हेडट्यूबच्या (फोर्क बसतो ती पुढची नळी) खाली किती जादा पट्ट्या, हे सगळं लेअपच्या, म्हणजे थर रचण्याच्या, आराखड्यात असतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. एकाच साच्यातून ८५० ग्रॅमची महागडी आणि १,१५० ग्रॅमची स्वस्त अशा दोन्ही फ्रेम निघू शकतात. पुष्कळ ब्रँड तर आपल्याच दोन दर्जांच्या मॉडेलांसाठी एकच साचा वापरतात.

जाता जाता: जाहिरातीत 'ऑटोक्लेव्हमध्ये बनवलेली' असं लिहिलेलं दिसलं तर हुरळून जाऊ नका. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखाली तापवणारी मोठी भट्टी, विमानाच्या भागांना लागतो. हत्तरगीच्या एसईझेडमुळे विमानाच्या सुट्या भागांची चर्चा आपल्या भागात बरीच असते, म्हणून हा शब्द लगेच वजनदार वाटतो. बाजारातल्या बहुतेक सायकल फ्रेम फुगा, पोलादी साचा आणि गरम प्रेस यांवरच होतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

कोण कुठे बनवतं, याचा ढोबळ नकाशा डोक्यात असला की पुढचा शोध सोपा जातो. तैवानात ताइचुंग आणि चांगहुआ हा पट्टा मुख्य. जायंट ताइचुंगला, मेरिडा चांगहुआला. मेरिडाही १९७२ चीच, आणि २००१ पासून अमेरिकेच्या स्पेशलाइज्डमध्ये तिची भागीदारी आहे. ताइचुंगचीच टॉपकी ही कंपनी ब्रँड म्हणून दुकानात दिसत नाही, पण कंपोझिटच्या जॉबवर्कमध्ये मोठं नाव. तिचे कारखाने समुद्रापलीकडे चीनच्या शियामेनलाही आहेत. चीनमध्ये शियामेन, शेनझेन, डोंगग्वान, हुइझोउ ही नावं पुन्हा पुन्हा भेटतील. शेनझेनची एक्सडीएस ही सायकल कंपनी २०२५ पासून अस्ताना या व्यावसायिक सायकल संघाच्या नावात आली, म्हणजे चिनी कारखानाच आता टूर द फ्रान्सच्या पंगतीत बसतोय. युरोपात आणि त्याच्या शेजारी अजून थोडं काम टिकून आहे: कोल्नागो ब्रँडची सी मालिका इटलीत, टाइम ब्रँडच्या विणलेल्या नळ्यांच्या फ्रेम स्लोव्हाकियात, लूक ब्रँडचा कारखाना ट्युनिशियात. त्याच कोल्नागोची व्ही मालिका मात्र आशियात बनते. म्हणून 'कोल्नागो कुठे बनते' हा प्रश्नच अपुरा आहे, मॉडेल सांगितल्याशिवाय उत्तर नाही. आपल्याकडे लुधियाना सायकलींचं माहेरघर खरं, पण ते पोलाद आणि अॅल्युमिनियमच्या अ‍ॅलॉयचं. कार्बन रोड फ्रेम भारतात बहुतेक आयातच होते.

शोधाची सुरुवात खोक्यापासून करा. भारतात आयात होऊन पॅकबंद विकल्या जाणाऱ्या मालावर आयातदाराचं नाव आणि पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि एमआरपी छापणं वजनमापाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे बंधनकारक आहे. ऑनलाइन विक्रेत्यालाही मूळ देश दाखवावा लागतो. हे लेबल नसेल तर माल एक तर कोणी वैयक्तिक म्हणून मागवून विकतोय, किंवा खोकं बदललंय. दोन्हीत वॉरंटी हवेत. लेबलावर देश मिळतो, कारखाना मिळत नाही. पण आयातदाराचं नाव मिळतं आणि पुढचा धागा तिथूनच सुटतो.

फ्रेमवरच्या शब्दांचाही कीस पाडा. 'मेड इन', 'डिझाइन्ड इन', 'हँडमेड इन', 'पेंटेड इन' या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. 'डिझाइन्ड इन इटली'चा अर्थ इतकाच की ड्रॉइंग तिथे झालं. रंगाचं प्रकरण जास्त मजेदार आहे. चिनी सायकलींवर युरोपने १९९३ पासून अँटिडम्पिंग कर (फार स्वस्तात आलेल्या मालावरचा जादा कर) लावलाय, २००५ पासून तो ४८.५ टक्क्यांपर्यंत आहे. १९९७ मध्ये तो काही सुट्या भागांनाही लागू झाला, आणि त्या यादीत शब्द होते 'रंगवलेली, अ‍ॅनोडाइज केलेली, पॉलिश किंवा लॅकर केलेली फ्रेम'. मग कच्ची, बिनरंगाची फ्रेम आणून युरोपात रंगवणं फायद्याचं ठरणारच. फ्रेमवर 'पेंटेड इन' दिसलं की हा हिशेब आठवा.

बीबीच्या खालचा सिरीयल नंबर उतरवून घ्या, पण त्यावरून कारखाना काढायच्या भानगडीत पडू नका. सगळ्या कारखान्यांना लागू पडेल अशी कुठलीही सामाईक पद्धत नाही, प्रत्येक ब्रँड आपापली लिपी वापरतो. त्या नंबराचा खरा उपयोग वेगळा: तो ब्रँडच्या ग्राहक सेवेला पाठवून 'हा तुमचा आहे का, कोणत्या वर्षाचा, कोणत्या देशात विकलेला' असं विचारायचं. नकली माल इथेच उघडा पडतो.

आता मुख्य साधन, जहाजांच्या नोंदी. अमेरिकेत समुद्रमार्गे उतरणाऱ्या मालाच्या नोंदी, पाठवणारा कोण, घेणारा कोण, खोकी किती, वजन किती, या सार्वजनिक असतात. इम्पोर्टयेतीसारख्या संकेतस्थळांवर त्या फुकट बघता येतात, पंजिवासारख्यांकडे पैसे मोजून. भारतातल्या नोंदींच्या मागे लागू नका. सीमाशुल्क कायद्यात २०२२ साली कलम १३५अअ घालून एकेका आयातदाराची अशी माहिती प्रसिद्ध करणं गुन्हा ठरवलंय. म्हणून शोध अमेरिकेच्या दारातून. ब्रँड तिकडे विकला जात असेल तर काम होतं, फक्त भारतात विकला जाणारा असेल तर या वाटेने काही हाती लागत नाही.

तिथे ब्रँडचं बाजारातलं नाव घालू नका, कंपनीचं नोंदणीकृत नाव घाला; ते ब्रँडच्या वॉरंटीच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात मिळतं. मग पुरवठादारांच्या यादीत एचएस कोड (सीमाशुल्कासाठीचा मालाचा क्रमांक) ८७१४९१ असलेल्या ओळी वेगळ्या काढा, हा कोड फ्रेम आणि फोर्कचा. ८७१२ म्हणजे पूर्ण सायकली. कोड दिलेला नसेल तर भागाकार करा: एकूण वजन भागिले खोकी. एका खोक्याला चार किलोंच्या आसपास उत्तर आलं तर ती फ्रेम आणि फोर्क, पंधराच्या पुढे गेलं तर पूर्ण सायकल. नव्वद टक्के लोक चुकतात ते इथे. पूर्ण सायकल पाठवणारा म्हणजे जोडणी करणारा कारखाना; फ्रेम त्याने बनवलेली असेलच असं नाही. कार्बनचा कारखाना रंगवलेली फ्रेम ट्रकने जोडणीवाल्याकडे पाठवतो, चाकं-ब्रेक तिथे बसतात आणि जहाजाच्या कागदावर जोडणीवाल्याचं नाव चढतं. म्हणून सुट्या फ्रेमची नोंद सापडेपर्यंत, म्हणजे वॉरंटी बदलीचा किंवा फक्त फ्रेमसेटचा माल दिसेपर्यंत, निष्कर्ष काढू नका.

आणखी तीन अडचणी येतात. विमानाने आलेला माल या नोंदींत नसतो, आणि महागड्या फ्रेम बऱ्याचदा विमानानेच येतात. कंपनीला आपलं नाव झाकायची परवानगी मागता येते, ती दोन वर्षं चालते. त्यामुळे एखाद्या ब्रँडची यादी अचानक कोरडी पडलेली दिसली तर त्याने कारखाना सोडला असं समजू नका, मागच्या वर्षांच्या नोंदी बघा. तिसरं, पाठवणाऱ्याच्या जागी हाँगकाँगची एखादी ट्रेडिंग कंपनी दिसेल. तिचा पत्ता नकाशावर टाका. टॉवरचा बारावा मजला निघाला तर तिथे प्रेस नाही, टेबल-खुर्ची आहे.

यापेक्षा पक्का, पण कमी वेळा मिळणारा पुरावा म्हणजे रिकॉल, म्हणजे दोषामुळे कंपनीने माल परत बोलावणं. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या प्रत्येक नोटिशीत माल कोणत्या देशात बनला ते असतं, आणि अनेक नोटिशींत आयातदाराशेजारी उत्पादकाचंही नाव असतं. ब्रँडच्या नावाने मागच्या दहा-पंधरा वर्षांच्या नोटिसा चाळा. स्टीअरर (हेडट्यूबमधून जाणारी फोर्कची नळी) किंवा फोर्क तुटल्यामुळे निघालेल्या नोटिशी विशेष वाचा; कारखान्याचं नाव बऱ्याचदा कळतं, शिवाय काय तुटतं तेही कळतं. इथे एक सावधगिरी. रिकॉल दिसला म्हणून ब्रँड वाईट ठरत नाही. ज्याने कधीच रिकॉल काढला नाही त्याच्याकडे दोष नसतो असं नव्हे, तक्रारींची वही ठेवणारा माणूस नसतो असंही असू शकतं.

तैवानच्या मोठ्या कंपन्या शेअर बाजारात आहेत. जायंटचा क्रमांक ९९२१, मेरिडाचा ९९१४, टॉपकीचा ४५३६. त्यांचे वार्षिक अहवाल इंग्रजीतही निघतात. मुख्य गिऱ्हाइकांचं कोष्टक शोधा. कधी नाव असतं, कधी नुसतं 'अ', 'ब' असा संकेत असतो. गिऱ्हाइकांची नावं झाकलेली असली तरी कारखाने कुठे आहेत आणि सायकलीचा वाटा किती, हे त्यात उघड असतं. पेटंटही कामाला येतं. फ्रेमच्या आकाराचं डिझाइन पेटंट ब्रँडच्या नावावर असेल तर साचा बंद, म्हणजे दुसरा प्रकार. ते चीनच्या एखाद्या कार्बन कंपनीच्या नावावर असेल तर बहुधा ओपन मोल्ड. तैपेई सायकल शो किंवा शांघायच्या चायना सायकलमधल्या प्रदर्शकांची यादी 'फ्रेम' या सदरात गाळून घ्या, कारखान्यांची नावं आणि पत्ते एकत्र मिळतात.

यूसीआयचं, म्हणजे जागतिक सायकलिंग महासंघाचं, स्टिकर बघून बरेच जण निर्धास्त होतात, त्याबद्दल जरा स्पष्ट सांगायला हवं. १ जानेवारी २०११ पासून शर्यतीत वापरायच्या नव्या फ्रेम मॉडेलांना यूसीआयची मान्यता लागते. मान्य फ्रेमवर सांकेतिक अक्षरं असतात: आधी कंपनी, मग मॉडेल, शेवटी रोडसाठी आरडी. मान्य मॉडेलांची यादी यूसीआय प्रसिद्ध करते. आपल्या फ्रेमवरची अक्षरं त्या यादीत शोधा. ती भलत्याच कंपनीच्या नावावर निघाली तर साचा कोणाचा ते एका झटक्यात कळलं. पण ही मान्यता आकाराची आणि मापांची आहे. फ्रेम किती भार झेलते हे यूसीआय तपासत नाही.

आता तुमच्यासारख्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडणारी तपासणी, साच्यांची जुळणी. भूमितीचं कोष्टक घ्या आणि संशयित ओपन मोल्डच्या कोष्टकाशेजारी ठेवा. चेनस्टे (बीबीपासून मागच्या चाकापर्यंतची नळी) ४१० मिमी दोन्हीकडे आहे, यावरून काहीच सिद्ध होत नाही, निम्म्या रोड फ्रेमचा तोच आकडा असतो. स्टॅक आणि रीच (बीबीपासून हेडट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतची उंची आणि आडवी लांबी), हेडट्यूबची लांबी आणि सीटट्यूबचा कोन बघा, आणि तेही सगळ्या मापांत. मोठ्या त्रिकोणाचा साचा प्रत्येक मापाला वेगळा लागतो आणि एकेकाला लाखो रुपये पडतात, म्हणून कोणी उगाच नवा करत नाही. पाच मापांत चार-चार आकडे मिलिमीटरपर्यंत जुळले की साचा तोच. एकाच मापात जुळले तर योगायोग. मग फोटोंवर या: वायर आत जायची भोकं, सीटपोस्ट आवळणाऱ्या स्क्रूची जागा, मागच्या ड्रॉपआउटचा (चाकाचा आस बसतो त्या खाचेचा) आकार, बाटलीच्या नटांमधलं अंतर आणि त्यांची उंची, सीटस्टे जिथे सीटट्यूबला मिळतात तिथली घडी. रंगाने आणि स्टिकरने फसायला होतं, म्हणून फोटो काळा-पांढरा करून बघा. हँगरचा, म्हणजे मागचं गिअर बदलणारं यंत्र टांगायच्या तुकड्याचा, भाग क्रमांकही चांगला सुगावा देतो. बदली हँगर विकणारे एकाच तुकड्याखाली कोणकोणत्या ब्रँडला तो चालतो याची यादी देतात, आणि ती यादी म्हणजे एका साच्याची भावकीच. मात्र हँगर यूडीएच (युनिव्हर्सल डिरेलर हँगर) असेल तर ही युक्ती बाद, तो मुद्दाम सगळ्यांना चालेल असाच केलेला आहे.

जुळणीत ओपन मोल्ड निघाला तर ती शिवी समजू नये. बरेच ओपन मोल्ड वर्षानुवर्षं विकले जाऊन सुधारत गेलेले आहेत, आणि कारखान्याकडून थेट घेतले तर किंमत निम्मीसुद्धा होते. आक्षेप एवढाच की तीच फ्रेम 'मोठ्या कंपनीची' म्हणून दुप्पट भावात घेऊ नये.

'तिसऱ्या पाळीचा माल' ही कथाही कानावर येईल: कारखाना दिवसा ब्रँडसाठी बनवतो आणि रात्री त्याच साच्यातून चोरून बाहेर विकतो. नामांकित नावाचं स्टिकर लावलेली स्वस्त फ्रेम विकताना हीच कथा सांगतात. नकली फ्रेम बहुतेक बाहेरच्या आकाराची नक्कल करून केलेल्या वेगळ्या साच्यातली असते. त्या नकलेत आतल्या थरांचा आराखडा येत नाही. शिवाय बौद्धिक संपदेच्या २००७ च्या नियमांखाली नकली मालावर सीमाशुल्काची जप्तीही येऊ शकते, तेव्हा पैसे आणि फ्रेम दोन्ही गेले.

चीनमधल्या विक्रेत्याशी थेट बोलत असाल तर त्याच्याकडून व्यवसाय परवान्याची प्रत मागा. त्यावर १८ अंक-अक्षरांचा एक क्रमांक असतो, तो चीन सरकारच्या कंपनी नोंदणी संकेतस्थळावर तपासता येतो. फोनच्या भाषांतर कॅमेऱ्यातून 'व्यवसायाची व्याप्ती' ही ओळ वाचा. उत्पादन लिहिलंय की फक्त विक्री आणि आयात-निर्यात? मग व्हिडिओ कॉलवर कारखाना दाखवा म्हणा, आणि नुसत्या रंगीत फ्रेम टांगलेली खोली बघून फोन ठेवू नका. प्रीप्रेगचं कोल्ड स्टोरेज दाखवायला सांगा, ते उणे १८ अंशांच्या आसपास ठेवतात. कापायचं टेबल, लेअपची खोली, साच्यांची रॅक आणि प्रेस दाखवा म्हणा. फक्त घासणं आणि रंगवणं दिसलं तर तो रंगारी, कारखाना पलीकडचा. रंगाऱ्याकडून घेण्यात गैर नाही, पण तडा गेला तर लेअपची जबाबदारी तो घेत नाही.

'टोरे टी१०००' असले कार्बन धाग्याच्या जातीचे आकडेही ऐकवले जातात. जपानच्या टोरेच्या यादीप्रमाणे टी३०० आणि टी७०० या दोन्ही धाग्यांची ताठरता सारखीच, २३० गिगापास्कल. फरक ताकदीत, ३,५३० विरुद्ध ४,९०० मेगापास्कल. एम४०जे धाग्याची ताठरता ३७७, पण ताकद ४,४००, म्हणजे टी७०० पेक्षा कमी. त्यामुळे चांगल्या फ्रेममध्ये जागेनुसार मिश्रण असतं आणि 'पूर्ण टी१०००' हा दावा ऐकूनच कान टवकारावेत. कोणत्या भागात कोणतं पान, एवढा एक प्रश्न विचारा. उत्तर देणारा माणूस कारखान्यातला असेल तर त्याला ते सांगता येतं.

सगळ्यात जास्त किंमत द्यायची ती चाचणीच्या अहवालाला. आयएसओ ४२१० या सायकलींच्या सुरक्षेच्या मानकाप्रमाणे झालेल्या चाचणीचा अहवाल मागा. त्याचा सहावा भाग फ्रेम आणि फोर्कचा. रोड रेसिंग फ्रेमला पेडलच्या जागी १,१०० न्यूटनचा भार एक लाख वेळा द्यावा लागतो. शिवाय वजन टाकून आदळण्याची चाचणी वेगळी असते. अहवालात प्रयोगशाळेचं नाव, तारीख, नमुन्याचा फोटो, माप, वजन आणि मॉडेल क्रमांक असायला हवा. ८२० ग्रॅमच्या फ्रेमच्या जाहिरातीला १,०८० ग्रॅमच्या नमुन्याचा अहवाल जोडलेला असेल तर तो तुमच्या फ्रेमचा नव्हेच. अहवालाचा क्रमांक प्रयोगशाळेला मेल करून खरा की खोटा ते विचारता येतं. फार लोक विचारत नाहीत, म्हणूनच खोटे अहवाल चालतात. फोर्कचा अहवाल वेगळा मागा. घाटात तुटून तोंडावर पाडतो तो फोर्क, फ्रेम नव्हे.

कारखान्याचं नाव कळण्याला अलीकडे आणखी एक बाजू आली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने तैवानमध्ये बनलेल्या जायंटच्या मालावर, सक्तीच्या श्रमाच्या आरोपावरून, आयात अडवण्याचा आदेश काढला. कामगारांना कसं वागवतात हाही फ्रेमच्या किमतीचा भाग आहे, आणि ज्यांना तो हिशेब मांडायचा आहे त्यांना ब्रँडपेक्षा कारखाना माहीत असणं जास्त गरजेचं.

फ्रेम हातात आल्यावर कागद बाजूला ठेवा आणि मोजमाप करा. या बाबतीत बेळगावसारखी सोय भल्याभल्या शहरांत नाही. बीबीचं भोक साध्या व्हर्निअरने मोजून भागत नाही. बोअर गेज (भोकाचा आतला व्यास मोजायचं साधन) असलेल्या एखाद्या टूलरूमकडे फ्रेम घेऊन जा. बीबी८६ असेल तर शेलची रुंदी ८६.५ मिमी आणि भोक ४१ मिमीचं, पीएफ३० असेल तर ६८ आणि ४६. दोन्ही बाजूंना, दोन खोलींवर, आडवं-उभं असे आठ आकडे घ्या. उभ्या-आडव्यात दहा शतांशाचा, म्हणजे ०.१ मिमीचा, फरक असेल तर कप (बेअरिंगची वाटी) नीट बसणार नाही आणि पावसाळा संपायच्या आत क्रँकमधून करकर सुरू होईल. डावं-उजवं भोक एका रेषेत नसेल तर बेअरिंग काही महिन्यांत जातं. आटे असलेलं बीबी, म्हणजे ६८ मिमीचं बीएसए किंवा टी४७, मिळत असेल तर जांबोटी-कणकुंबीच्या पावसात सायकल चालवणाऱ्याने तेच घ्यावं. प्रेसफिटमध्ये, म्हणजे आट्यांशिवाय दाबून बसवलेल्या बीबीत, पाणी शिरलं की माती आतच राहते.

मग दोरी. हेडट्यूबभोवती दोरी घेऊन दोन्ही टोकं मागच्या ड्रॉपआउटला ताणून बांधा आणि दोन्ही बाजूंना सीटट्यूबपासून अंतर मोजा. दोन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर फ्रेम परत. मागची डिस्क ब्रेकची बैठक सपाट आहे का तेही बघा. तिथे रंग साचलेला असतो आणि कॅलिपर तिरका बसून डिस्क घासत राहते.

मोबाइलला लावायचा एंडोस्कोप (बारीक वायरीच्या टोकावरचा कॅमेरा) सीटट्यूबमधून आणि हेडट्यूबमधून आत घाला. फुग्याचे फाटके तुकडे लोंबताना दिसले तर ते ओंगळ आहे, धोकादायक नाही. धोका सुरकुत्यांचा: बीबीजवळ किंवा हेडट्यूब आणि डाउनट्यूबच्या सांध्यात कार्बनच्या पानाला आडवी घडी पडलेली दिसली तर त्या जागी धागा वाकलाय, भार आला की तिथूनच तडा सुरू होतो. रेझिनची थिजलेली थारोळी म्हणजे दाब कमी पडला. मग नाण्याने टकटक करा, पण एकट्या आवाजावर जाऊ नका, जाडी बदलली की आवाज बदलतोच. डाव्या स्टेवर जिथे वाजवलं तिथेच उजव्यावर वाजवा. एकीकडे टणक आणि दुसरीकडे बद्द आवाज आला तर विचारायला जागा आहे. फोर्कचा स्टीअरर बाहेर काढून जिथे तो मुकुटाला (फोर्कचे दोन पाय एकत्र येतात त्या भागाला) मिळतो तिथे बोट फिरवा. तिथे पुटी भरून गुळगुळीत केलेलं असेल तर तो फोर्क लावू नका.

तुमच्या ८५ हजारांच्या मालाबद्दल विकणाऱ्याला तीनच गोष्टी लेखी मागा: मॉडेलचा मूळ क्रमांक, फ्रेम आणि फोर्क दोन्हींचे आयएसओ ४२१० चे अहवाल, आणि वॉरंटी भारतात कोण देणार त्याचं नाव-पत्ता. पहिली गोष्ट मिळाली की वरच्या जुळणीने साचा तुम्हीच शोधाल. तिसरी मिळाली नाही तर पहिल्या दोन मिळूनही घेऊ नका. त्याच पैशात नामांकित कंपनीची चांगली अ‍ॅलॉय फ्रेमची पूर्ण सायकल येते, वर्षाला दोनदा बेअरिंग बदलण्यापुरते पैसे उरतात, आणि खानापूर रस्त्यावरच्या खड्ड्यांना अ‍ॅलॉय आणि कार्बन यांतला फरक कळत नाही.